आपल्याच घरीं पाहुणे

सुशिक्षित महाराष्ट्रीय कुटुंबांत उन्हाळ्याच्या सुटीची एक ठराविक वांटणी होऊन बसली आहे. पहिले आठ दिवस नातलगांचे आणि पुढले आठ दिवस स्वतःचे. पहिल्या आठवड्यांत सासर, माहेर, आत्या, मावशी, अंथरुणास खिळलेले काका, नव्यानें आलेली सून अशा सर्वांकडे हजेरी लावावयाची, घरोघर आमरसाच्या वाट्या संपवावयाच्या, आणि कर्तव्य उरकलें म्हणून हुश्श करावयाचें. दुसऱ्या आठवड्यांत राजस्थानांतील एखादी हवेली नाहीं तर म्हैसूरचा राजवाडा गांठावयाचा, तिकीट काढावयाचें, वाटाड्यानें पाठ केलेलें वर्णन माना डोलवीत ऐकावयाचें, आणि खांबांवरील नक्षीचीं छायाचित्रें घेऊन परतावयाचें. हे दोन आठवडे एकमेकांस ओळखतहि नाहींत. पहिल्यांत माणसें असतात पण इतिहास नसतो. दुसऱ्यांत इतिहास असतो पण माणसें नसतात. ही वांटणी सोयीची व निरुपद्रवी आहे असा सर्वांचा समज आहे. आमचें म्हणणें त्याच्या अगदीं उलट आहे. वऱ्हाडांतील जुन्या घरांचा जो नाश आज डोळ्यांदेखत चालला आहे त्याचें एक मोठें मूळ ह्या वांटणींत आहे. पेंढाऱ्यांनीं घरें लुटलीं आणि ते निघून गेले. घरें उभीं राहिलीं. आम्ही सुशिक्षित मात्र दर उन्हाळ्यांत त्या घरीं प्रेमानें जेवून येतों, आणि घरें पडतात.

हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल; म्हणून वऱ्हाडांत ऐतिहासिक घर कशास म्हणावें तें आधीं पाहिलें पाहिजे. अचलपूरची इमादशाही १५७४ सालीं बुडाली. पुढें तेथील नबाबांचें वैभवहि मावळलें, आणि १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केल्यावर वऱ्हाड हैदराबाद व कलकत्ता ह्या दोन दूरच्या सत्तांच्या मध्यें लोंबकळत राहिलें. त्यामुळें जयपूर-म्हैसूरच्या तोडीचा राजवाडा येथें शोधूं जाणाऱ्याची निराशाच व्हावयाची. त्या नांवास शोभेल अशी एक वास्तु बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेड राजा येथें आहे. ती लखुजी जाधवरावांची. जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून सरकारनें तिचें रक्षण केलें, हें योग्यच झालें. बाळापूरचा किल्ला, तेथील मिर्झा राजे जयसिंगांची छत्री, नरनाळा, गाविलगड हीं स्थळेंहि संरक्षित आहेत. परंतु किल्ला किंवा छत्री म्हणजे घर नव्हे. ज्या घरांत ह्या प्रांताचा संसार झाला तीं निराळींच आहेत.

त्यांतलें पहिलें म्हणजे गढी. परगण्याचा वसूल व हिशेब ज्यांच्याकडे वंशपरंपरेनें असे त्या देशमुख-देशपांड्यांची ही वस्ती. आमच्या कुणब्याच्या भाषेंत जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळींत पिकवावयाचें व पांढरींत राहावयाचें. ह्याच पांढऱ्या चिकट मातीच्या रुंद भिंती रचून, कोपऱ्यांवर बुरूज चढवून, गांवाच्या उंचवट्यावर गढी उभारीत. आंत सागवानी खांब, त्यांवर तुळया, आणि माथ्यावर मातीचें धाबें. दगडी किल्ल्याची शंभर वर्षें कोणी विचारपूस केली नाहीं तरी तो उभा राहतो. गढीचें तसें नाहीं. मातीचें घर एकदां बांधून होत नाहीं, तें दरवर्षीं थोडें बांधावें लागतें. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी माती पसरून ती चोपावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात. एक वर्ष चुकलें कीं पाणी झिरपतें, पुढें तुळई कुजते, आणि एखाद्या पावसाळ्यांत भिंतच बसते. आणि हें काम करण्याचा काळ कोणता? ज्या वैशाख-ज्येष्ठांत आपण आमरसासाठीं त्या घरीं उतरलेले असतों, तोच.

दुसरें घर कापसाच्या व्यापाऱ्याचें. लोहमार्ग येण्यापूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारें ५०० मैलांवरील मिर्झापुरास जात असे. ह्या व्यापाराचें धन पेंढाऱ्यांपासून राखण्यासाठीं निजाम सरकारनें १८०७ सालीं शहराभोंवतीं परकोट घालण्यास आरंभ केला. त्याला पांच दरवाजे व चार खिडक्या होत्या. नागपुरी गेट, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी हीं नांवें आजहि अमरावतीकराच्या तोंडीं रोज असतात; परंतु हा परकोट कोणाच्या घरांसाठीं घातला, आणि त्या घरांचें पुढें काय झालें, हें विचारण्याचें कारण त्याला पडत नाहीं. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, इंग्लंडच्या गिरण्यांस तेथला कापूस मिळेनासा झाला, आणि त्याच दशकांत आगगाडी वऱ्हाडांत शिरली. मग अकोला, खामगांव, अमरावती येथें पेढ्यांवर पेढ्या उभ्या राहिल्या. त्याच्याहि पूर्वींच्या वैभवाची खूण म्हणजे कारंजें येथील कस्तुरीची हवेली. विक्रीस आलेली सारी कस्तुरी तेथल्या एका धनिकानें विकत घेऊन बांधकामांत कालवविली, अशी तिची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी. घराविषयीं लोकांना एके काळीं काय वाटत असे, तें तींत दिसतें.

तिसरें घर वकिलाचें. १८९७ सालीं राष्ट्रसभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. सी. शंकरन् नायर हे अध्यक्ष व दादासाहेब खापर्डे हे स्वागताध्यक्ष होते. येथलेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर पुढें १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं हरि नारायण आपटे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलन अकोल्यास भरलें. आणि त्यापूर्वीं कित्येक वर्षें आगरकर नांवाचा एक दरिद्री विद्यार्थी ह्याच अकोल्यास शिकून गेला होता. हें राजकारण व हें वाङ्मय सभागृहांत जन्मास आलें नाहीं. तें वकिलांच्या ओसरीवर, पक्षकार आणि पाहुणे ह्यांच्या गर्दींत, माजघरांतून येणाऱ्या चहाच्या आधारावर वाढलें. त्या ओसऱ्या कोणत्या, हें अकोला-अमरावतीच्या किती पदवीधरांना बोट करून दाखवितां येईल?

ह्या तिन्ही प्रकारच्या घरांतील बहुतेकांस फलक नाहीं, तिकीट नाहीं, वाटाड्या नाहीं. तीं राजाचीं नव्हत. कोणाच्या तरी मामांचीं, आत्यांचीं, सासऱ्यांचीं आहेत. त्यांच्या उंबऱ्याच्या आंत जाण्याचा परवाना एकच, आणि तो म्हणजे नातें. वऱ्हाडांत नातलगांस भेटणें आणि ऐतिहासिक घर पाहणें हीं दोन कामें नाहींतच. तें एकच काम आहे. त्याचे दोन तुकडे केले कीं दोन्ही वायां जातात. घर ज्याला आवडतें त्याचा त्यावर हक्क नसतो, आणि ज्याचा हक्क असतो तो घराकडे पाहत नाहीं.

ह्या वैशाखांत आम्ही उभयतां अकोला व अमरावती येथील आप्तांकडे आठ दिवस होतों, आणि ज्यांच्याकडे जेवावयाचें त्यांचेंच घर पाहावयाचें असा संकल्प करून निघालों होतों. संकल्प साधा, परंतु त्यानें यजमान गोंधळून जातात असा अनुभव आला. बाळापुराकडील एका गांवीं सौभाग्यवतींच्या माहेरची जुनी वास्तु आहे. तिचा एक बुरूज ढासळला आहे. दिंडीदरवाजा मात्र शाबूत आहे. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला असतां आंतल्या माजघरांत आम्हांस पंख्याची आठवण झाली नाहीं. शेजारींच सिमेंटचें नवें घर उठलें आहे. त्यांत दोन कूलर घरघरत होते, तरी अंगाची लाही होत होती. आम्ही दरवाज्यावरील कोरीव कमळें पाहत उभे राहिलों तों घरांतील वडील बाई म्हणाल्या, "पडक्या घरात काय पाह्यता जी, जवाईबापू? नवं घर पाहा ना!" संध्याकाळीं त्यांच्या नातवानें सांगितलें कीं, लांकडाचा एक व्यापारी येऊन दरवाजा व आंतले आठ खांब ह्यांची बोली करून गेला आहे, तो माल एका शहरांतल्या हॉटेलास जावयाचा आहे. तो म्हणाला, "दरवाज्याला गिऱ्हाईक आहे, घराला नाही." त्या हॉटेलांत तोच दरवाजा पाहण्यासाठीं आमच्यासारखीं कुटुंबें पुढल्या उन्हाळ्यांत पैसे मोजून उतरतील, आणि जुन्या काळचें वातावरण किती छान राखलें आहे म्हणून मालकाची पाठ थोपटतील.

अमरावतीस ह्याच्या उलट मासला भेटला. नात्यांतील एक तरुण जोडपें नुकतेंच राजस्थानाहून परतलें होतें. झरोका म्हणजे काय, छज्जा म्हणजे काय, हें त्यांनीं आम्हांस मोठ्या उत्साहानें समजावून दिलें. त्यांच्या आजोबांचा वाडा त्याच शहरांत, घरापासून पायीं पंधरा मिनिटांवर आहे. चुलत्यांच्या वादांत त्याला बारा वर्षें कुलूप आहे. त्या वाड्याची माडी आंतून कशी आहे हें दोघांपैकीं एकानेंहि पाहिलें नव्हतें. हीं मुलें रसिक आहेत, हुशार आहेत. परंतु रसिकता ही परगांवीं नेण्याची वस्तु आहे असें त्यांना आम्हीच शिकविलें.

आतां जो मुद्दा भेटीगांठींच्या गोडव्यांत नेहमीं दडपला जातो त्याकडे वळूं. वैशाखांत माहेरवाशिणी एकत्र जमतात. रस होतो, पापड-कुरडया होतात, ओटी भरली जाते, साडी-चोळी होते. आणि पुष्कळ घरीं, निघण्याच्या आदल्या दिवशीं, एक कागद पुढें येतो. त्याचें नांव हक्कसोडपत्र. "ताई, फक्त एक सही, तुला काय कमी आहे?" ताईला खरोखरच कांहीं कमी नसतें, आणि असलें तरी माहेर तुटण्याच्या भयानें ती बोलत नाहीं. ती सही करते आणि ज्या घरांत ती जन्मली त्या घराची कायमची पाहुणी होते. पुढें भाऊ त्या घराचें काय करतो हें विचारण्याची तिला सोय उरत नाहीं. घराची काळजी वाहणारें, त्यांतील कोनाड्याकोनाड्याची आठवण असणारें जें एक माणूस होतें, त्याला घराच्या निर्णयांतून बाद करण्याचा हा विधि आम्ही आमरसाच्या साक्षीनें उरकतों.

ह्यावर आमचे सनातनी मित्र उत्तर देतात कीं, वाडे फुटले ते मुलींना वांटा मिळूं लागल्यामुळेंच. हें उत्तर खोटें आहे, आणि तें खोटें आहे हें कायद्याच्या तारखांवरून दिसतें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला वारस ठरविलें खरें. परंतु त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानें, कुटुंबाच्या वहिवाटींतल्या राहत्या घराची वांटणी भाऊ करूं म्हणेपर्यंत ती तिला मागतां येत नव्हती. त्या घरांत राहण्याचा हक्कहि ती अविवाहित, टाकलेली, विभक्त किंवा विधवा असली तरच होता. सुखानें नांदणारी मुलगी म्हणजे पाहुणी, असें खुद्द कायदाच म्हणत होता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना वडिलार्जित मिळकतींत मुलांबरोबर आणण्यास आरंभ केला. तें २३ वें कलम २००५ सालीं रद्द झालें. आणि मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निःसंदिग्ध केलें. मग १९५६ ते २००५ ह्या पन्नास वर्षांत जे वाडे फुटले, जीं धाबीं बसलीं, जे सागवानी खांब विकले गेले, ते कोणाच्या वांट्यापायीं? त्या काळांत दाराची किल्ली भावांच्याच कनवटीला होती.

गोव्याकडे पाहावें. तेथें पोर्तुगीज दिवाणी कायद्यानें मुलींना मुलांच्या बरोबरीचा वांटा एकोणिसाव्या शतकापासून आहे. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याचें घर पाहावयास देशोदेशींचे लोक जातात. त्या एकाच घराच्या दोन बाजू कुटुंबाच्या दोन शाखांकडे आहेत. पण मालकी दोन ठिकाणीं गेली म्हणून घराच्या मधोमध कुऱ्हाड चालली नाहीं. घरचीं माणसें घरांत राहतात आणि आलेल्यांस घर दाखवितात. गोव्यांतहि वारसांच्या भाऊगर्दीनें कुलुपें लागलेलीं घरें पुष्कळ आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वांटणी झाली म्हणजे घर पडलेंच पाहिजे हा सृष्टिनियम नव्हे, एवढें सिद्ध करावयास चांदर पुरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो घेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. ते म्हणतात, गढी हें जुलमाचें ठाणें होतें; वाड्याच्या ओसरीपुढें कोणी पाऊल टाकावें व कोणी अंगणांतच उभें राहावें हें जातीवर ठरत असे; तीं घरें पडतात तीं पडूं द्या, रडावयाचें कशासाठीं? ह्यांतील पूर्वार्ध अक्षरशः खरा आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य बंधूंना १९२७ सालीं चळवळ करावी लागली, आणि त्याच वर्षीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं त्यांची परिषद ह्याच शहरांत भरली. जी मंदिराची पायरी तीच घराची. परंतु ह्यावरून घर पाडावें असा निष्कर्ष निघत नाहीं. घर राखावें आणि खरें बोलावें असा निघतो. धाब्यावर माती टाकणारे हात कोणाचे होते, परसांतल्या विहिरीवर कोणाला बंदी होती, माजघरांत विधवा कोठें बसत, हें सांगणारा पुरावा म्हणजे ती ओसरी, ती विहीर, तो अंधारा कोपरा. घर पाडल्यानें अन्यायाचें परिमार्जन होत नाहीं. उलट अन्याय करणाऱ्यांच्या वंशजांना, म्हणजे पुष्कळ अंशीं आम्हांलाच, आमचे पूर्वज फार उदार होते असें सांगत सुटावयास रान मोकळें होतें. आज जुन्या वाड्यांविषयीं जें हळवें लेखन होतें त्यांत पाटावरचीं जेवणें असतात, अंगणांत उभीं राहिलेलीं माणसें नसतात. असलें लेखन घराचें मित्र नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याला जोडून सरकारचा. कापसाच्या भावानें पिचलेल्या शेतकऱ्यानें सागवानी खांबांची पूजा करावी काय? नाहीं. ज्याच्या घरांत खरोखर अडचण आहे त्यानें दरवाजा विकला तर त्याला दोष देणारे आम्ही कोण? आमचा रोख त्याच्याकडे नाहींच. आमचा रोख त्या घरांतून शिकून बाहेर पडलेल्या, पुण्यामुंबईस व परदेशीं स्थायिक झालेल्या, वर्षाला एकदां सहकुटुंब राजस्थान पाहणाऱ्या भाऊबहिणींकडे आहे. सरकारनें करावें, असें तेच मोठ्यानें म्हणतात. सरकारची पुराणवस्तु-यादी ही किल्ले, देवळें, थडगीं ह्यांच्यासाठीं केलेली आहे. हजारों मातीच्या घरांवर दरवर्षीं माती टाकणें तिच्या आवांक्यांतलें नव्हे. इंग्लंडांत १८९५ सालीं निघालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ सालीं कायद्यानें एक निराळी वाट मोकळी करून दिली. मालकानें घर ट्रस्टच्या नांवें करावें, देखभालीची तरतूद लावून द्यावी, कुटुंबानें त्याच घरांत राहावें, आणि ठराविक दिवशीं लोकांना तें पाहूं द्यावें. त्या देशांतील उमरावांविषयीं आम्हांस प्रेम नाहीं. परंतु माणसें काढून घर राखतां येत नाहीं हें त्यांना कळलें होतें, तेवढें घेण्यासारखें आहे.

मग करावें काय? आम्ही कोणास वाडे पुन्हा बांधावयास सांगत नाहीं. उन्हाळ्याचे ते दोन आठवडे एक करावे, एवढेंच सांगतों. माहेरीं किंवा सासरीं गेलेल्या जोडप्यानें पहिल्या दिवशीं घर हिंडून पाहावें: माडी, बळद, परस, विहीर, सारें. म्हाताऱ्या आत्याबाईंस विचारून कोणती खोली कोणी केव्हां बांधली, कोण कोठें बसे, कोणास कोठें मज्जाव होता, हें लिहून घ्यावें; त्यांच्यामागें सांगणारें कोणी राहणार नाहीं. पेटींतले मोडी कागद वाणसामानाच्या पुड्यांस जाण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं. राजस्थानच्या सहलीस जेवढा खर्च येतो त्याचा चौथा हिस्सा भावाबहिणींनीं वर्गणी करून धाब्याच्या मातीसाठीं काढावा, आणि माती चोपणाऱ्या गड्यास पुरी मजुरी द्यावी. आणि बहिणीनें हक्कसोडपत्रावर सही करूं नये. निदान घराचें पुढें काय व्हावयाचें हें तिच्या देखत ठरून लेखी झाल्याशिवाय तर मुळींच करूं नये. सही न केल्यानें जें माहेर तुटतें तें सही केल्यानें टिकलें असतें, ह्या भ्रमांत कोणीं राहूं नये.

ह्यानेंहि सर्व घरें वांचतील असें नाहीं. कांहीं पडतील, कांहीं पडलींच पाहिजेत. पण जें घर पडावयाचें तें सर्वांनीं पाहून, मोजून, लिहून ठेवून पडावें. दोन पंगतींच्या मध्यें कोणाच्या लक्षांतहि न येतां पडूं नये. येत्या वैशाखांत जे वाचक वऱ्हाडांत आपल्या आप्तांकडे जातील त्यांना आमची एकच विनंति आहे. यंदा धाब्यावर माती पडली कीं नाहीं, हें आधीं विचारावें; आणि मग पानावर बसावें.